आत्माराम नाटेकरांची कोरडी लादी

आत्माराम नाटेकर बोटीवर होते. रत्नागिरीत एवढं सांगितलं की पुढचं कोणी विचारत नाही. 'बोटीवर' या शब्दात कॅप्टनपासून बटाटे सोलणाऱ्यापर्यंत सगळे सुखाने राहतात. नाटेकर मूळचे पूर्णगडचे, आणि बोटीवर होते ते इंजिनरूममध्ये, फिटर म्हणून. म्हणजे जगातली बहुतेक मोठी बंदरं त्यांनी पाण्याच्या पातळीखालून पाहिली. त्यातून त्यांनी घरी काय आणलं, तर एक परफ्यूमची बाटली, जी काकींनी कधी उघडली नाही, आणि एक ठाम मत: जमीन कोरडी पाहिजे. इंजिनरूमच्या लादीवर तेलाचा थेंब पडला की माणूस घसरतो, आणि एक माणूस घसरला की त्याच्या हातातलं काम घसरतं. म्हणून खांद्यावर कायम फडकं.

निवृत्त होऊन मुरुगवाड्यातल्या घरी आल्यावर फडकं तसंच राहिलं, फक्त त्याला काम उरलं नाही. नाटेकरांनी विहिरीवरचा पंप पुसला, स्कूटर पुसली, गॅसचा सिलिंडर पुसला. एकदा दारात उभं राहून गप्पा मारता मारता त्यांनी शेजारच्या दर्शनच्या रिक्षाचं हँडल पुसलं. दर्शनने नंतर मला विचारलं की काकांचं घरी काही बिनसलंय का. बिनसलेलं काही नव्हतं. माणसाकडे इंजिन नव्हतं, इतकंच.

ते इंजिन गणपतीत आलं.

नाटेकरांची मुलगी समीक्षा ठाण्याला नोकरी करते. तिने मांडीवर काचेची पेटी ठेवून अख्खा प्रवास केला होता आणि पेटीत पिवळ्या अंगावर काळे ठिपके असलेला, वीतभर लांबीचा प्राणी होता. लेपर्ड गेको. त्याची सरकारदरबारी रीतसर नोंद होती, जी नाटेकरांच्या घरासमोरच्या पायऱ्यांचीसुद्धा नाही. ठाण्यातल्या घरमालकाला पाहुणा पसंत पडला नव्हता, तेव्हा दुसरी जागा मिळेपर्यंत महिनाभर त्याने इथे राहायचं होतं. मुंबईकडून आलेल्या वस्तूंचा 'महिनाभर' किती चालतो हे कोकणाला ठाऊक आहे. आमच्याकडे असे कूलर आहेत.

गोदाकाकींनी, म्हणजे नाटेकरांच्या पत्नीने, पेटीत डोकावून फक्त एवढंच विचारलं, "ही पाल आहे ना?" समीक्षाने तसं म्हणता येईल, पण तसं नाही, वगैरे सांगितलं. काकींच्या जगात पालीविषयी नियम स्पष्ट होते. अंगावर पडली तर आंघोळ. मध्येच चुकचुकली तर जमिनीवर बोटं टेकायची. ठाण्याहून मुद्दाम तिकीट काढून आणली तर काय करायचं, हे कुठल्याच पंचांगात नव्हतं. शेवटी तह झाला: प्राणी मागच्या खोलीत राहील आणि काकी त्या खोलीचा उंबरा ओलांडणार नाहीत. समीक्षाने त्याचं नाव पिक्सेल ठेवलं होतं. ते आठवडाभर टिकलं. नंतर तो बाबल्या झाला, कारण बोटीवर नाटेकरांच्या हाताखाली बाबल्या नावाचा एक खलाशी होता, जो दिवसभर झोपायचा आणि विचारलं की हळूच एक डोळा उघडायचा.

पहिले काही दिवस नाटेकर प्राण्याकडे तुच्छतेने पाहत होते. मग त्यांची नजर पेटीच्या खाली गेली. तिथे गरम होणारी चटई होती, तिला थर्मोस्टॅट होता, आत दोन थर्मामीटर होते. एका टोकाला बत्तीस, दुसऱ्या टोकाला पंचवीस. "अरे, ही तर बॉयलर आणि कंट्रोलरूम आहे," असं ते म्हणाले, आणि त्या दिवसापासून माणूस बदलला.

तेव्हापासून चहाच्या टपरीवर आम्हाला लेपर्ड गेकोच्या प्रकृतीची माहिती नियमित मिळू लागली. मागितली कोणीच नव्हती. हा प्राणी चरबी शेपटीत साठवतो, म्हणजे शेपूट ही डिझेलची टाकी. टाकी जाड तर गाडी ठीक, शेपूट काडीसारखी झाली तर समजावं आत काहीतरी गळतंय. पोटाखाली ऊब नसेल तर खाल्लेलं पचत नाही, आतच कुजतं. कॅल्शियम कमी पडलं तर हाडं रबरासारखी होतात, जबडा मऊ पडतो, पाय वाकतात, आणि मग परत सरळ होत नाहीत. म्हणून त्याला द्यायचे रातकिडे आधी कॅल्शियमच्या पावडरीत घोळवायचे. "आपण बांगडा रव्यात घोळवतो तसे," नाटेकर बोटांनी करून दाखवत. समोरचा भजीवाला अस्वस्थ होई.

रातकिडे ते स्वतःच एका बादलीत वाढवत. भरदिवसा घरातून किर्र आवाज येई आणि काकी आल्यागेल्याला पंप बिघडलाय म्हणून सांगत.

दुखण्यांचाही पाढा होता. बाबल्याने कात टाकली तेव्हा एका बोटावर कातडीचं कडं राहिलं. दोरा आवळावा तसं ते आवळत जातं आणि शेवटी बोट गळून पडतं, हे वाचून नाटेकर जेवले नाहीत. कोमट पाण्यात पाय बुडवून, कापसाच्या काडीने त्यांनी ते कडं असं सोडवलं की घड्याळजीने पाहावं.

पण खरा दणका वाळूचा होता. हा मूळचा रखरखीत मुलखातला प्राणी, असं ऐकल्यावर नाटेकरांनी आपल्या परीने त्याचं माहेर उभं करायचं ठरवलं. आरे-वारेची वाळू आणली, मीठ जाईपर्यंत धुतली, चाळली, उन्हात वाळवली आणि पेटीत पसरली. दिसायला फार सुंदर. बाबल्या किडा पकडताना किड्याबरोबर वाळूही गिळत राहिला आणि एके दिवशी त्याचं पोट बंद पडलं. रोज कोमट पाण्यात बसवून, पोट हलक्या हाताने चोळून, नाटेकरांनी तो समुद्रकिनारा त्याच्या पोटातून परत मिळवला. त्यानंतर वाळूचा प्रत्येक कण पेटीतून हद्दपार झाला. खाली गुळगुळीत पांढरी लादी बसली. कात टाकायला मदत व्हावी म्हणून ओल्या फडक्याची एक डबी तेवढी कोपऱ्यात असे, तीही कात पडली की लगेच बाहेर. लादी सकाळ-संध्याकाळ पुसली जाई. नाटेकरांना इतकं समाधानी मी त्यांच्या पेन्शनच्या दिवशीही पाहिलेलं नाही.

शिमगा जवळ आला तशी बाबल्याने रातकिड्यांकडे पाठ फिरवली.

नाटेकर सकाळीच माझ्या दारात आले, फडकं न घेता. तेवढ्यावरूनच मी चप्पल घातली. पेटीत बाबल्याचं पोट दोन्ही बाजूंनी फुगलं होतं, शेपूट बारीक झाली होती, आणि तो कोपऱ्यातल्या लादीवर पुढचे पाय सारखे खरवडत होता. खरवडायचा, थांबायचा, डोळे मिटायचा, पुन्हा खरवडायचा. नाटेकरांचं निदान पक्कं होतं: जुनी वाळू. आतड्याच्या कुठल्यातरी वळणावर थोडी राहिली असणार आणि आता तिने वाट अडवली. त्यांनी त्याला पुन्हा कोमट पाण्यात बसवायला सुरुवात केली होती, पण काही उपयोग नव्हता. वाडीतून एरंडेलाची सूचना आली होती. ती त्यांनी धुडकावली, हे बरं केलं.

"समीक्षा उद्या सकाळच्या गाडीने येतेय," ते म्हणाले. "तिला काय दाखवू?"

हातखंब्याच्या पुढे, पाली गावात, डॉ. ज्ञानेश्वरी म्हणून जनावरांची तरुण डॉक्टर आहे. गाई, शेळ्या आणि रविवारी कुत्री. तिच्याकडे जायचं ठरलं. मासळीच्या थर्माकोलच्या पेटीला भोकं पाडून, आत फडक्यात गुंडाळलेली गरम पाण्याची पिशवी ठेवून, त्यात बाबल्याला बसवलं. जन्मभर थंडी सांभाळलेल्या त्या पेटीला पहिल्यांदाच ऊब सांभाळायला लावली होती. दर्शनने रिक्षा अशी हाकली की वाटेतला प्रत्येक खड्डा आम्ही विचारपूर्वक ओलांडला. हातखंब्याला तो पाणी प्यायला थांबला, तेव्हा टपरीवरच्या एका गृहस्थाने पेटीकडे पाहून, काय गावला, सुरमई का, असं आपुलकीने विचारलं. नाटेकरांनी झाकण किंचित वर केलं. गृहस्थांनी आत पाहिलं, आमच्याकडे पाहिलं, आणि स्वतःचा चहा दुसऱ्या बाकावर नेला.

डॉक्टरीणबाईंचा हात नुकताच एका म्हशीतून मोकळा झाला होता. त्यांनी तो स्वच्छ धुतला आणि प्रामाणिकपणे सांगितलं की असा पेशंट आपण पुस्तकातच पाहिलाय. मग मुंबईत अशाच प्राण्यांवर उपचार करणाऱ्या आपल्या वर्गमैत्रिणीला त्यांनी व्हिडिओ कॉल लावला, बाबल्याला तळहातावर हलकेच उलटं धरलं आणि पोटावर दुसऱ्या मोबाइलचा टॉर्च लावला. पोटाची कातडी पातळ कागदासारखी उजळली. आत दोन फिकट, लांबोडे गोळे शेजारीशेजारी दिसत होते. मैत्रीण पलीकडून काहीतरी म्हणाली आणि दोघी एकदम हसल्या.

"काका," डॉक्टर म्हणाल्या, "ही मादी आहे. पोटात अंडी आहेत."

नाटेकरांनी आधी ते दोन गोळे स्वतः मोजले. मग त्यांनी दोन आक्षेप नोंदवले. एक, दुकानदाराने नर म्हणून सांगितलं होतं. दोन, हा प्राणी गणपतीपासून आपल्या देखरेखीखाली आहे आणि त्या खोलीत दुसरं कोणी आलेलं नाही. डॉक्टरांनी त्यांना कोंबडीची आठवण करून दिली, जी कोंबड्याला न विचारता अंडी देते. अशा अंड्यांतून पिल्लं निघत नाहीत, पण ती घालावी लागतातच.

"मग घालत का नाही?"

"खाली काय अंथरलंय तुम्ही?"

"लादी," नाटेकर म्हणाले, आणि एवढ्या काळजीतही त्यांची मान ताठ झाली. "दोन वेळा पुसतो. थेंबभर ओल सापडायची नाही तुम्हाला."

डॉक्टरांनी फोनमधल्या मैत्रिणीकडे पाहिलं.

"म्हणूनच अडलीय ती," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी समजावून सांगितलं. हिला अंडी पुरायला ओलसर, उकरता येईल अशी जागा लागते. ती मिळाली नाही तर ती अंडी धरून ठेवते. कोपऱ्यात खरवडतेय ते दुखण्याने नव्हे, जागा शोधतेय. त्यांनी तोंडात कॅल्शियमचे थेंब सोडले, अंगातलं पाणी कमी झालं होतं म्हणून सुई दिली. आता तिला जागा करून द्या आणि वाट बघा, त्या म्हणाल्या. उद्या दुपारपर्यंत झालं नाही, तर मुंबईला नेऊन पोट उघडावं लागेल. आणि शेपूट पाहता तेवढी ताकद तिच्यात असेल असं त्या सांगू शकत नव्हत्या.

परतताना नाटेकरांनी पेटी मांडीवर घेतली. दर्शनने आरशातून दोनदा पाहिलं आणि रेडिओ बंद केला. हातखंब्याचे गृहस्थ अजून तिथेच होते. ते उठून आत गेले.

घरी पोचल्यावर नाटेकर पेटी घेऊन ओटीवर उभे राहिले. काकी तांदूळ निवडत होत्या.

"अडलीय ती," नाटेकर म्हणाले.

"कोण?"

"बाबल्या."

काकींचा हात सुपात थांबला. पाल म्हणून त्यांनी त्या प्राण्याला सहा महिने वाळीत टाकलं होतं. पण अडलेलीला वाळीत टाकायची सोय नियमांत नव्हती. त्यांनी सूप बाजूला ठेवलं, किती वेळ, काय लागतं, एवढंच विचारलं, आणि न्हाणीघराच्या मागे गेल्या. तिथे चुलीसाठी नारळाची सोडणं रचलेली असतात. त्यातली जुनी, मऊ पडलेली निवडून त्यांनी कुटली, धागे काढले, राहिलेला भुसा चाळला आणि पाण्यात भिजवून मुठीत दाबून पाहिला. गोळा व्हायला हवा, पण बोटांतून पाणी गळता कामा नये. नाटेकरांनी श्रीखंडाच्या मोठ्या डब्याच्या झाकणाला दार कापलं आणि त्याच्या कडा कानशीने घासून गुळगुळीत केल्या. घाईतही त्यांनी ते दार अगदी गोल केलं. डब्यात भुसा दाबून भरला. आणि मग, त्या पुसलेल्या पांढऱ्या लादीवर, नाटेकरांनी स्वतःच्या हाताने ओल्या कचऱ्याचा डबा ठेवला. दोन चिमूट भुसा बाहेर सांडला. त्यांचा हात खांद्याकडे गेला आणि खाली आला.

एव्हाना वाडीत बातमी गेली होती. खिडकीत डोकी जमली. दर्शन होता, मी होतो, पलीकडच्या सोनूबाई आपल्या कोंबड्या सोडून आल्या होत्या. समीक्षा फोनच्या पडद्यावर होती आणि दर मिनिटाला, काय झालं, असं विचारत होती. नाटेकर टॉर्च मारत होते. बाबल्या पेटीच्या मध्यभागी खिळल्यासारखी उभी होती आणि डब्याकडे बघतही नव्हती.

तेव्हा गोदाकाकी उंबरा ओलांडून आत आल्या.

त्यांनी पेटीत वाकून पाहिलं. बाबल्याने त्यांच्याकडे पाहिलं आणि डोळे मिटले, उघडले.

"हिला पापण्या आहेत हो," काकी म्हणाल्या. मग मागे वळल्या. "आणि तुम्ही सगळे बॅटरी घेऊन काय बघताय? अशात कोण बाळंत होईल? बाहेर व्हा बघू. तुम्हीसुद्धा."

शेवटचं वाक्य नवऱ्याला होतं. काकींनी जुनं मऊ लुगडं चौपदरी करून पेटीवर घातलं, फोनमधल्या मुलीला बंद केलं, खिडकी लोटली आणि स्वतः दारात पाट टाकून बसल्या. बाळंतिणीच्या खोलीचं राज्य सुरू झालं. खोलीत अंधार आणि ऊब होती, आणि पुरुषमाणूस कोणी नव्हता.

नाटेकर ओटीवर येरझारा घालत होते. दिवेलागणीला त्यांना एकदम काहीतरी सुचलं. ते आत गेले आणि लांब दांड्याचा स्क्रूड्रायव्हर घेऊन आले. इंजिनच्या पोटात काय चाललंय हे उघडून न पाहता ऐकायचं असेल तर स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनला आणि मूठ कानाला लावतात. बेअरिंग खराब असेल तर ते असं ऐकू येतं. काकींनी बराच विचार करून परवानगी दिली: पेटीखालच्या टेबलाच्या पायाला लावा, पण बघायचं नाही. नाटेकर दारातच आडवे झाले, हात आत लांब करून टोक टेबलाच्या पायाला टेकवलं आणि मूठ कानाला. 

"खरवडतेय," ते कुजबुजले. आमचे चेहरे पडले. तेच तर चाललं होतं.

"नाही, थांबा. हा आवाज लादीचा नाही. लादीचा कोरडा येतो. हा... हा ओला आहे. आत गेली ती. डब्यात गेली. उकरतेय."

मग जे झालं त्याला शिस्त म्हणता येणार नाही. दर्शनने आडवं होऊन स्क्रूड्रायव्हर कानाला लावला आणि होय होय म्हणाला. सोनूबाईंनी लावला आणि कोंबडीही अशीच करते म्हणाल्या. मी लावला, मला माझ्याच कानातलं रक्त ऐकू आलं, पण मीही होय म्हणालो. शेवटी काकींनी हात पुढे केला. त्यांनी डोळे मिटून बराच वेळ ऐकलं आणि स्क्रूड्रायव्हर परत दिला नाही. तो मांडीवर ठेवला. पुढचं ऐकणं त्या करणार होत्या.

थोड्या वेळाने आवाज थांबला. नाटेकरांनी सांगितलं की चालू इंजिनचा कुठलाही आवाज परवडतो, एकदम शांत झालेलं परवडत नाही. बघू का, असं त्यांनी पुन्हा पुन्हा विचारलं आणि तेवढ्याच वेळा काकींनी नाही म्हटलं. आम्ही आपापल्या घरी गेलो. जेवण कोणाला कसं लागलं हे विचारू नये.

सकाळी समीक्षा स्टेशनवरून थेट आली तेव्हा ओटी भरलेली होती. तिने सॅक खांद्यावरून उतरवलीच नाही. परतीच्या गाडीने बाबल्याला मुंबईला न्यायची तयारी करूनच ती आली होती. मासळीची पेटी धुऊन, पुसून दाराशी तयार होती. काकींनी सगळ्यांकडे एकदा पाहून घेतलं आणि लुगड्याचं टोक उचललं.

बाबल्या डब्याबाहेर, उबेच्या टोकाला पसरली होती. पोट बसलं होतं, दोन्ही बाजूंना कातडीच्या सुरकुत्या लोंबत होत्या, आणि नाकावर भुशाचा ठिपका होता. डब्यातला भुसा नीट दाबून सारखा केलेला होता, इतका सारखा की नाटेकर पाहतच राहिले.

त्यांनी चहाचा चमचा घेतला आणि उकरायला सुरुवात केली. एक अंडं निघालं. पिवळट, एका बाजूने चेपलेलं. ओटीवर गलका झाला आणि नाटेकरांनी हात वर करून तो थांबवला. टॉर्चमध्ये दोन दिसली होती. त्यांनी डाव्या बाजूने उकरलं, उजव्या बाजूने उकरलं. काही नाही. समीक्षाने सॅकचा पट्टा घट्ट धरला. एक आत राहिलं असेल तर मुंबई टळत नव्हती.  चमचा डब्याच्या तळाला लागून घासला गेला, ते थांबले, चमचा ठेवला, आणि बोटाने अगदी कोपऱ्यात चाचपलं.

"आहे," ते म्हणाले. "हे बघ. आहे."

दुसरं अंडं त्यांनी तळहातावर घेऊन समीक्षापुढे धरलं. डॉक्टरीणबाईंना फोन लागला. त्यांनी दोन्ही अंडी दाखवायला लावली, पोट दाखवायला लावलं आणि सांगितलं की आता पाणी, कॅल्शियम आणि खायला घाला. खाल्लं की सुटली. नाटेकरांनी बादलीतला एक रातकिडा पकडला. काकींनी तो त्यांच्या हातातून चिमट्याने घेतला, पावडरीच्या वाटीत दोन्ही बाजूंनी व्यवस्थित घोळवला, बांगड्याच्या वेळी घोळवतात तितकाच, आणि पेटीत सोडला. बाबल्याने एक डोळा उघडला. मान वळवली. शेपटीचं टोक किंचित हललं. आणि किडा गेला.

त्या वेळी नाटेकरांच्या ओटीवर जो हशा आणि ज्या टाळ्या झाल्या, त्या ऐकून रस्त्यावरचा माणूस शिमग्याची पालखी आली का म्हणून विचारायला आला.

गर्दी पांगल्यावर मी आत डोकावलो. समीक्षा आईला सांगत होती की नवीन जागा मिळाली आहे, घरमालक चांगला आहे, तेव्हा जाताना बाबल्याला घेऊनच जाईन. काकी पेटीतलं पाणी बदलत होत्या. त्यांनी वर न बघता सांगितलं, "बाळंतिणीला सव्वा महिना हलवत नाहीत."

नाटेकर पेटीपाशी उभे होते. पांढऱ्या लादीभर ओला भुसा उधळला होता. त्यांनी खांद्यावरचं फडकं काढलं, हातात धरलं, आणि थर्मामीटरची काच तेवढी पुसली.